डायलिसिसच्या पाण्यातलं कॅल्शियम: १.२५ की १.७५?
परळला आठवड्यातून तीनदा मशीनवर बसणाऱ्यांना ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), बीपी सगळं तोंडपाठ असतं, पण डायलिसेटमध्ये (मशीनमधल्या त्या पाण्यात) कॅल्शियम किती हे कोणी विचारतच नाही. कॅनच्या लेबलवर असतं, बघा एकदा (२.५ किंवा ३.५ मिलिइक्विव्हॅलंट लिहिलं असेल तर निम्मं करा, मिलिमोल मिळतात).

१.७५ मिलिमोलवाल्यात बीपी बऱ्यापैकी टिकतं, पीटीएच (हाडांतलं कॅल्शियम ओढणारं पॅराथायरॉइड हार्मोन) दबतं. पण ते कॅल्शियम रक्तात शिरतं, किडनी तर बाहेर काढणार नाही, मग जातं कुठे, हळूहळू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, त्यात फॉस्फरस वाढलेलं आणि वर जेवणासोबत कॅल्शियमच्याच गोळ्या चालू असतील तर विचारूच नका, रक्तवाहिन्या कडक होतात नि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

१.२५ मध्ये हा भार कमी. मात्र बीपी घसरू शकतं, पीटीएच चढू शकतं, क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर) लांबून हृदयाचे ठोके बिघडायची भीती.

केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१७ ची गाइडलाइन १.२५ ते १.५० सुचवते. मला विचाराल तर एक्स-रेत महाधमनीवर कॅल्शियम दिसतंय अशा काकांना १.७५ नकोच, बीपी सारखं पडणाऱ्या आजींसाठी १.५ बद्दल नेफ्रोलॉजिस्टशी बोला, पीटीएचचा रिपोर्ट सोबत न्या.