जिप्सीला फेंडर फ्लेअर: सेट ठीकठाक, फिटिंग एक नंबर

गाडी जिप्सी किंग. कंपनीचा टायर २०५/७० आर१५, मी २३५/७५ टाकले, म्हणजे रुंदी वाढलीच पण उंचीपण साडेसहा सेंटिमीटरनं वाढली, लिफ्ट, म्हणजे गाडी सस्पेन्शनवर उंच करणं, आधीच केली होती म्हणून बसले तरी. पण टायर बॉडीच्या बाहेर आले आणि पावसाळ्यात मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात गाडी घातली की चिखल थेट दारावर, काचेवर, आरशावर, आणि ती माती वाळली की नुसत्या पाण्यानं निघत नाही, खरवडत बसा. म्हणून फ्लेअर, म्हणजे चाकाच्या कमानीवर बाहेरून बसवायची रुंद पट्टी. भारी दिसतात हे आहेच, खोटं कशाला बोलू.

सेट ऑनलाइन घेतला, फायबरचा. बाहेरून फिनिश बरं, आतून हात फिरवला तर धागे टोचतात. पुढचे दोन्ही बसले, मागचा डावा मात्र कमानीला लागतच नाही, मधे बोट जातंय. एबीएस प्लास्टिकचा असता तर हीट गननं जरा वळवला असता, फायबरला ते चालत नाही, घासूनच जमवायचं.

फिटिंग केलं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या एका छोट्या गॅरेजात. बाकीचे सगळे 'स्क्रू मारून देतो, तासाभरात घेऊन जावा' म्हणत होते. इथल्या मामांनी आधी ड्रिल हातातच घेतलं नाही. मास्किंग टेपनं फ्लेअर नुसते चिकटवले, एक्सलखाली जॅक लावून एक बाजू उचलली, सस्पेन्शनचे पाटे दाबले गेले तसं स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठं घासतोय ते खडूनं मार्क केलं. मग पहिलं भोक कमानीच्या बरोबर मधे, तिथून दोन्हीकडं. प्रत्येक भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, पत्रा आणि फायबरच्या मधे रबर बीडिंग (रबराची पट्टी), स्टीलचे बोल्ट, वायसर, आणि हादऱ्यानं ढिले न होणारे नायलॉक नट. मी म्हटलं मामा जरा टाइट करा की, तर म्हणाले, "पत्रा हलतोय मालक, फायबर हलत नाही. लई आवळलं की बोल्टापाशी तडकतंय." सिलिकॉनपण फक्त वरच्या कडेला मारलं, खाली मोकळं, नाहीतर पाणी आणि माती आत अडकून पत्रा आतनं सडतो आणि बाहेरनं कळतपण नाही. जुन्या जिप्सीचा पत्रा आधीच कसा असतो ते ज्याच्याकडं आहे त्याला माहीत.

मजुरी सेटच्या किमतीच्या निम्मी गेली, पैसा वसूल. दिवसभराची सवड काढून जावा, मामा घाई करत नाहीत आणि मधे फोन आला की गप्पापण मारतात.

आणि हो, फार रुंद सेट घ्यायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही.

पावसात चिखल आता दाराच्या खालच्या पट्टीपर्यंतच येतो, आरसा स्वच्छ. मागच्या डाव्याला मामांनी जाड बीडिंग घालून गॅप झाकलाय, जवळ गेलं तर दिसतोच. सेलरनं फोटो मागवले, पाठवले, तेव्हापासून भाऊ मेसेज बघतोय पण उत्तर देत नाही.