बेसबॉलच्या ट्रिपल-एमध्ये अडकलेला सत्तावीस वर्षांचा फलंदाज: थांबावं, कोरिया गाठावं, की बॅट ठेवून पिचर (चेंडू टाकणारा) व्हावं?

वय 27. कॉलेजातून ड्राफ्टमध्ये (क्लबांच्या वार्षिक निवडीत) निवडला गेलेला, फर्स्ट बेस (पहिला तळ) किंवा लेफ्ट फील्डला (मैदानाच्या डाव्या बाजूला खोलवर) खेळणारा. ट्रिपल-एमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, दुसरं वर्ष. होमरन मारतो, पण शंभर वेळा बॅटिंगला आला तर तीसेकदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो. क्लबने 40 जणांच्या यादीतून (मेजर लीगला खेळायचं तर तीत नाव लागतंच) नाव काढलंय आणि मोसम संपला की तो करारमुक्त होणार आहे. मेजर लीगचं दार पूर्ण बंद नाही, पण दर महिन्याला फट बारीक होतेय. अशा खेळाडूने, किंवा त्याच्या घरच्यांनी, रस्ता कसा निवडावा?

आधी दुखणं ओळखायला हवं. होमरनच्या आकड्यावर जाऊ नये. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधली अल्बुकर्की, रीनो, सॉल्ट लेक ही शहरं उंचावर आहेत, हवा विरळ असते आणि साधा उंच फटकाही कुंपणापार जातो. खरं सांगतात ते स्ट्राइकआउट. मेजर लीगची सरासरी 22-23 टक्क्यांच्या आसपास आहे. ट्रिपल-एतच 30 टक्के असतील, तर वरच्या पिचिंगसमोर ते आणखी वाढतात. ट्रिपल-एचा स्टॅटकास्ट डेटा (प्रत्येक चेंडू आणि फटक्याचं यंत्राने केलेलं मोजमाप) 2023 पासून सर्वांना खुला आहे, त्यात एकच प्रश्न विचारावा: बॅट नेमकी कुठे चुकतेय? स्ट्राइक झोनमधल्या (फलंदाजाला मारता येईल अशा चौकटीतल्या) ताशी 95 मैलांच्या फास्टबॉलवर, की झोनबाहेर पळणाऱ्या स्लायडरवर, म्हणजे शेवटी आडव्या वळणाऱ्या चेंडूवर? स्लायडरचा मोह सोडणं शिकता येतं. फास्टबॉलला बॅट उशिरा पोचत असेल तर तो बॅटच्या वेगाचा प्रश्न आहे, आणि सत्ताविशीत तो वेग फारसा वाढत नाही. पुढची सगळी निवड या उत्तरावर ठरते.

दुखणं स्लायडरचं असेल तर आमचा कौल अमेरिकेतच थांबण्याला. पैसा कमी आहे: 2023 च्या मायनर लीग करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार 35,800 डॉलर ठरला. करारमुक्त खेळाडूला त्याहून जास्त मागता येतात. ओढ आहे ती वरची. मेजर लीगचा किमान पगार 2026 साठी 7,80,000 डॉलर आहे, म्हणजे वर काढलेल्या एकेका दिवसाचे चार हजारांहून जास्त. मेजर लीगमध्ये 43 दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागू होतो.

अडचण आहे यादीची. 40 जणांत नसलेल्याला वर न्यायचं तर आधी दुसऱ्या कुणाला तरी काढावं लागतं. म्हणून 23 वर्षांचा, यादीत असलेला आणि ऑप्शन (यादीत ठेवूनच खाली पाठवायची मुभा) शिल्लक असलेला मुलगा कमी धावा करत असला तरी आधी बोलावला जातो. त्याला परत खाली पाठवणं सोपं असतं. ऑप्शन संपलेल्याला मात्र वेव्हरमधून (इतर क्लबांना त्याला घेण्याची संधी देऊन) गेल्याशिवाय खाली पाठवता येत नाही. त्यामुळे नवा क्लब निवडताना नावलौकिक पाहू नये. त्या क्लबच्या यादीत फर्स्ट बेस आणि कॉर्नर आउटफिल्डला (मैदानाच्या डाव्या-उजव्या खोल भागात) किती जण आहेत, ते मोजावं. करारात तीन गोष्टी मागाव्यात: स्प्रिंग ट्रेनिंगला (मोसमाआधीच्या सरावाला) मेजर लीगच्या कॅम्पचं बोलावणं, जूनच्या मध्यावर करार सोडायची मुभा आणि आशियाई क्लबकडून मागणी आली तर सोडण्याचं कलम.

दुखणं फास्टबॉलचं असेल तर कोरियाचा विचार गंभीरपणे करावा. तिथे फास्टबॉल साधारण ताशी 145 किलोमीटरच्या आसपास असतो, मेजर लीगमध्ये 150 च्या वर. पहिल्या वर्षी बोनससकट सगळं धरून कमाल 10 लाख डॉलर मिळू शकतात. पण जागा मोजक्या. दहा क्लब, प्रत्येकी तीन परदेशी, त्यातले दोन बहुतेक पिचर, म्हणजे परदेशी फलंदाजांसाठी सगळ्या मिळून दहाच्या आसपास खुर्च्या. शिवाय क्लबचा एकुलता परदेशी फलंदाज म्हणून पहिल्या आठवड्यापासून होमरनची अपेक्षा असते. दीड-दोन महिने बॅट थंड राहिली तर मोसमाच्या मध्येच बदली खेळाडू येतो. स्लायडरमागे धावणाऱ्याने तिथे जाऊ नये. पिचर वेगात कमी पडतात ते वळणाऱ्या चेंडूंनी भरून काढतात आणि 2024 पासून बॉल-स्ट्राइकचा (चेंडू झोनबाहेर की झोनमध्ये, याचा) निर्णय यंत्र देतं.

परतीचं काय? फलंदाज एरिक थेम्सचं उदाहरण सगळे देतात. त्याने 2015 मध्ये एनसी डायनोज या कोरियन क्लबकडून 47 होमरन मारले आणि 40 बेस चोरले. पुढे मेजर लीगच्या मिलवॉकीने त्याला तीन वर्षांसाठी 1 कोटी 60 लाख डॉलर दिले. पण कोरियाने 2019 मध्ये चेंडूची उसळी कमी केली, त्यामुळे त्या काळातले आकडे आज लावू नयेत. मेरिल केली आणि एरिक फेडी कोरियातून, माइल्स मायकोलस जपानमधून चांगल्या करारावर परतले, आणि तिघेही पिचर. केली तर कोरियाआधी मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता, त्याचं पदार्पण तिशीत झालं. फलंदाजाने कोरियाला जावं ते मुख्यतः कमाईसाठी. मंद फास्टबॉलवर केलेल्या धावांनी 95 मैलांचा प्रश्न सुटत नाही. जपानमध्ये अशी पगारमर्यादा नाही, पण फॉर्म गेला की क्लबच्याच दुय्यम संघात धाडतात.

अटलांटिक लीगसारख्या स्वतंत्र (मेजर लीगच्या क्लबांच्या मालकीबाहेरच्या) लीगमध्ये कुठेच करार मिळत नसेल तरच जावं, तेही दोन-तीन महिन्यांपुरतं. रिच हिल 2015 मध्ये अटलांटिक लीगच्या लाँग आयलंड डक्सकडून खेळून मेजर लीगच्या बॉस्टनला पोचला. पण तो मेजर लीगचा जुना पिचर होता. मेक्सिकन लीगचे आकडे वाचताना मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर आहे, तिथेही विरळ हवेत चेंडू लांब जातो, हे ध्यानात ठेवावं.

राहिला पिचर होण्याचा मार्ग. केन्ली जॅन्सन कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) होता, 2009 मध्ये पिचर झाला आणि 2010 मध्ये मेजर लीगच्या डॉजर्सकडून खेळला. पिचर म्हणून नाव कमावलेला शॉन डूलिटलही आधी फर्स्ट बेसमन होता. हा मार्ग फक्त आउटफिल्डमधून तोफेसारखा थ्रो येणाऱ्यासाठी. सलग दोन-तीन सत्रांत रडारवर 95 मैल दिसायला हवेत, आणि तेही दुसऱ्या दिवशी खांदा-कोपर न दुखता. 90-91 दिसत असतील तर विषय तिथेच सोडावा.

काहीही ठरो, एजंटशी बोलणं सप्टेंबरातच उरकावं. कोरियातल्या बहुतेक जागा डिसेंबरअखेर भरतात. नोव्हेंबरात घाईने ट्रिपल-एचा करार केला आणि त्यात आशियाचं कलम नसेल, तर डिसेंबरात सोलहून फोन आला तरी क्लबच्या मर्जीशिवाय जाता येत नाही.