फाइल उघडली, सेकंद पुढे सरकले, आवाज मात्र नव्हता

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी २०१६ मध्ये भोरजवळच्या आमच्या गावी रेकॉर्ड केल्या होत्या. २७ फायली, साधारण सहा तासांच्या. २०१९ मध्ये आई गेली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती हार्ड डिस्क कपाटावरून पडली आणि लावल्यावर टकटक वाजायला लागली. दुसरी प्रत मी कधी केलीच नव्हती.

पुण्यात डेटा परत काढून देणाऱ्या एका दुकानात डिस्क दिली. आठ दिवसांनी फोन आला, "ताई, सगळं निघालं." गेले तर स्क्रीनवर सत्तावीसच्या सत्तावीस फायली. तीच नावं, तेवढाच आकार. त्यांनी एक फाइल चालूही केली. सेकंद भराभर पुढे जाताना मी डोळ्यांनी पाहिले. आवाज का येत नाही विचारलं, तर म्हणाले, "आमचा स्पीकर गेलाय, घरी ऐका." मी ११,५०० रुपये मोजले आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून आनंदात बस पकडली.

घरी एकाही फाइलला आवाज नाही. फोन केला. उत्तर मिळालं, "मूळ रेकॉर्डिंगच क्षीण आहे. आवाज वर काढावा लागेल, चार हजार होतील." आणि मी ते द्यायला तयार झाले होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गेलेल्या माणसाच्या आवाजासाठी आपण कितीही पैसे देतो आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं.

मला अडवलं भाच्याने. "मावशी, थांब गं. आधी फाइलच्या पोटात काय आहे ते बघू."

त्याने टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एक्सएक्सडी नावाची कमांड दिली. फाइलमधला एकेक बाइट ती जसाच्या तसा दाखवते. डावीकडे जागेचा क्रमांक, मधे एका ओळीत १६ बाइट, प्रत्येक बाइट दोन अंकांच्या किंवा अक्षरांच्या खुणेत, आणि उजवीकडे त्या बाइटांची अक्षरं होत असतील तर ती. पहिली ओळ ठीक होती, ५२ ४९ ४६ ४६, म्हणजे 'रिफ', आणि पुढे ५७ ४१ ५६ ४५, म्हणजे 'वेव्ह'. आवाजाच्या वेव्ह फाइलची सुरुवात अशीच असते. तिसऱ्या ओळीत ६४ ६१ ७४ ६१, 'डेटा'. त्यानंतर चार बाइटांत आवाजाचा मजकूर किती मोठा आहे तो आकडा. असे ४४ बाइट झाले आणि तिथून पुढे ००, ००, ००. शेवटपर्यंत.

माझा रेकॉर्डर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, प्रत्येक दोन बाइटचा. म्हणजे दहा मिनिटांची फाइल सव्वापाच कोटी बाइटांहून मोठी. कमांडला 'ए' हा पर्याय दिला की शून्यांच्या ओळी गाळून ती नुसती एक चांदणी (*) दाखवते. आमची अख्खी फाइल चार-पाच ओळींत संपली. गाणी वाजवणारा प्लेयर वेळ मोजतो तो त्या डोक्यावरच्या आकड्यावरून. म्हणूनच दुकानात सेकंद पळत होते.

तरी मला वाटत होतं, डिस्कच खराब झाली असेल, त्यांचा काय दोष? तेव्हा आठवलं, एक फाइल मी धाकट्या बहिणीला पेनड्राइव्हवर दिली होती. ती मागवली आणि दोन्ही शेजारी उघडल्या. खऱ्या फाइलमध्ये 'वेव्ह' या अक्षरांनंतर लगेच ६२ ६५ ७८ ७४ होतं. माझा रेकॉर्डर तिथे स्वतःची माहिती लिहितो, थोडं खाली उजव्या रकान्यात रेकॉर्डिंगची तारीखसुद्धा वाचता येत होती. दुकानाच्या सत्तावीस फायलींत हा भाग कुठेच नाही. सगळ्यांना तेच ४४ बाइटांचं कोरं डोकं, फक्त आकडे वेगळे. त्या फायली माझ्या डिस्कवरून निघालेल्याच नव्हत्या. नावं आणि आकार डिस्कवरच्या फायलींच्या यादीतून घेऊन कुणीतरी नव्याने बनवल्या होत्या.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे देण्याआधी दोन-तीन फायली तुम्ही निवडा, त्यांना निवडू देऊ नका, आणि तिथेच ऐका, बघा. शंका आली तर फाइलचा मधला तुकडाही तपासा. 'एस' पर्यायाने सुरुवातीचे हवे तितके बाइट ओलांडता येतात. मॅकमध्ये एक्सएक्सडी असतेच, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये फॉरमॅट-हेक्स आहे. फोटोची जेपेग फाइल असेल तर सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी हवी आणि पुढे निरनिराळे बाइट दाटीने हवेत. आणि पडलेली डिस्क टकटक करत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. मी चार वेळा लावली. आतल्या तबकडीवर दर वेळी ओरखडे वाढू शकतात.

दोन्ही फायलींचे ते स्क्रीनशॉट, पावती आणि फोनवरचे निरोप जोडून मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

बहिणीकडच्या फाइलच्या सुरुवातीला आई गात नाही. सहा सेकंद काहीच ऐकू येत नाही. पण तिथेही शून्यं नाहीत. ०३ ००, ०१ ००, मग एफई एफएफ, म्हणजे उणे दोन, असे बारीक बारीक आकडे हलत असतात. ती आमच्या ओसरीवरची शांतता आहे. मग जातं फिरायला लागतं आणि आकडे एकदम मोठे होतात. नऊ मिनिटांची ती एकच फाइल उरली आहे. आता ती तीन ठिकाणी ठेवली आहे.