काठी ठेवली, कलेजी घेतली: बक्षिसाच्या पद्धतीने कुत्रा शिकवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

अमळनेरला आमच्या घरी तांबू नावाचा गावठी कुत्रा आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या माहेराहून, रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेतून, तो आला तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. आता दीड वर्षाचा असून त्याचे वजन १८ किलो आहे. दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, आम्ही त्याला पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट, म्हणजे हवे तसे वागताच बक्षीस देऊन ते वागणे पक्के करण्याच्या पद्धतीने शिकवायला घेतले. त्याला आठ महिने झाले. ही पद्धत, तिच्यासाठी घेतलेले सामान आणि तिच्यापायी घरात करावे लागलेले बदल यांविषयी हे लिहीत आहे. पद्धत उपयोगी पडली, हे आधीच सांगून टाकते. मात्र पहिले दोन महिने जवळजवळ फुकट गेले आणि ते का गेले हे कळायला जानेवारी उजाडला.

त्याआधीचा प्रकार सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ऑक्टोबरमध्ये आम्ही एका प्रशिक्षकाला घरी बोलावले होते. गळ्यात आवळणारी साखळी, हातात वेताची छडी आणि तोंडी एकच मंत्र: मालक कोण ते कुत्र्याला दाखवून द्या. पंधरा दिवसांत तांबू त्यांच्यासमोर मुकाट्याने बसू लागला, आणि मलाही ते पाहून बरे वाटले, हे कबूल करते. नंतर लक्षात आले की पंखा लावायला कोणी हात वर केला तरी तो जमिनीला चिकटतो आणि कधी कधी तिथेच लघवी करतो. अनोळखी माणसावर तो आधी गुरगुरायचा, त्या गुरगुरण्याबद्दल त्याला छड्या बसल्या आणि गुरगुरणे थांबले. भीती मात्र होती तेवढीच राहिली, त्यामुळे एके सकाळी त्याने दूधवाल्या भाऊंच्या पोटरीकडे काहीही सूचना न देता झेप घेतली. दात पॅन्टमध्येच अडकले म्हणून निभावले. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ती मारून बंद केली की समोरच्याला सावध व्हायला काहीच उरत नाही, हे आम्ही असे शिकलो.

मालक कोण ते दाखवण्याचा हा विचार मुळात कुठून आला, ते मी नंतर वाचले. प्राण्यांच्या वर्तनाचे स्विस अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील, म्हणजे बंदिवासात एकत्र कोंडलेल्या, लांडग्यांच्या भांडणांवरून वर्चस्वाची उतरंड मांडली आणि पुढे ती कुत्र्यांनाही चिकटवली गेली. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेच यांनी कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९९९ मध्ये लिहिले की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेने २०२१ च्या निवेदनात तर आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. हे वाचले त्याच आठवड्यात गळा आवळणारी ती साखळी भंगारात गेली.

सुरुवात ‘बस’ या शब्दापासून केली आणि तिथेच अडखळलो. मी शिकवताना ‘बस’ म्हणायचे. तांबू भुंकत सुटला की यजमान ‘आता बस!’ म्हणून ओरडायचे. मुलगा चेंडूचा खेळ संपवताना ‘बस झालं’ म्हणायचा. एकाच शब्दाचा अर्थ टेकणे, गप्प राहणे आणि खेळ संपणे असा तिहेरी झाला, आणि कुत्रा प्रत्येक वेळी आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी सासूबाईंचा अहिराणी ‘बठ’ आम्ही सर्वांनी घेतला, कारण घरात त्या शब्दाचा दुसरा काही उपयोग नव्हता. चार दिवसांत तांबू ‘बठ’ला बसू लागला. सासूबाईंना या पद्धतीचा पहिल्यापासून संशय होता, ‘त्याले फुकट खावानी सवय लागी जाई,’ असे त्यांचे म्हणणे. पण शब्द त्यांचा निवडला गेल्यामुळे विरोध थोडा मवाळ झाला.

त्यांच्या संशयात तथ्यही होते. मी कलेजीचा तुकडा आधी दाखवायची आणि मग शब्द उच्चारायची, त्यामुळे तांबू शब्दाऐवजी माझ्या मुठीकडे लक्ष द्यायला शिकला. मूठ रिकामी दिसली की तो वळून निघून जाई. हे बक्षीस नसून लाच झाली. खाऊ दिसता कामा नये, तो कमरेच्या पिशवीत असावा, आधी काम घडावे, त्याच क्षणी खूण द्यावी आणि मग हात पिशवीकडे जावा, हा क्रम अंगवळणी पडायला मलाच तीन आठवडे लागले. खुणेला आणि खाऊला उशीर झाला की दुसरेच काहीतरी पक्के होते. बसल्यावर मी पिशवी चाचपत राहिले, तेवढ्यात तो उठून पुढचा पाय देऊ लागला आणि तुकडा त्या पायाला मिळाला. पुढे महिनाभर तो ‘बठ’ म्हटले की पाय द्यायचा.

क्लिकर नावाची टक् आवाज करणारी डबी दीडशे रुपयांना मागवली होती. तिच्यामागचा विचार रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांवरून आलेला आहे: आवाजामागून दर वेळी अन्न आले की आवाजच अन्नाची वर्दी होतो. डबी आमच्याकडे दहा दिवस टिकली. मुलाने आणि त्याच्या मित्रांनी ती खेळणे समजून दिवसभर वाजवली, मागून खाऊ येत नव्हता, आणि तो आवाज तांबूच्या लेखी घड्याळाच्या टिकटिकीइतकाच बिनमहत्त्वाचा झाला. आता मी जीभ टाळूला लावून टॉक् असा आवाज काढते. तो घरात कोणाला विसरता येत नाही की पलंगाखाली हरवत नाही. घरी लहान मुले असतील तर डबी घेऊ नये, एवढेच सांगेन.

तरीही डिसेंबर संपताना हिशेब असा होता की घरात आठ शब्द पाठ आणि दारातून बाहेर पडताच सगळे शून्य. दोरीला हिसके, कुंड्या उकरणे, चपला फाडणे आणि संध्याकाळी सात वाजता अंगणात वेड्यासारखे गोल धावणे हे सारे जसेच्या तसे चालू होते. तेव्हा मी एक आठवडाभर तांबूचा दिवस वहीत उतरवला. सकाळी दहा मिनिटे फेरी, तीही ओढत नेत. नंतर मी शाळेत, यजमान दुकानात, कुत्रा साखळीला. दुपारी मुलगा घरी आला की झोपलेल्या कुत्र्याला उठवून खेळ. रात्री एकदा भाकरी-दूध. वर्गात चाळीस पोरांना पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत खिडकी बंद करून बसवले तर कसा गोंधळ होईल हे मला चांगले ठाऊक आहे, आणि घरात मी तेच करत होते.

जानेवारीपासून शिकवणे निम्मे केले आणि दिवस बदलला. सकाळी साडेपाचला बोरी नदीच्या कोरड्या पात्रात चाळीस मिनिटे, आणि त्यातली निम्मी वेळ त्याच्या नाकाच्या मर्जीने. एका बाभळीच्या बुंध्याशी तो सहा मिनिटे थांबला तर मीही सहा मिनिटे थांबते. बैलांच्या दोऱ्या विकणाऱ्याकडून तीस फुटी सुती कासरा घेतला आणि तो लांब दोरी म्हणून वापरते. ऑनलाइन मिळणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्याने हाताला काचते, याने काचत नाही. मागच्या अंगणात बांधकामातून उरलेली वाळू होती, तिच्यात भाकरीचे कोरडे तुकडे पुरून ठेवते. उकरण्याची हौस तिथे भागली आणि कुंड्या वाचल्या. सकाळचे अन्न ताटलीत न देता जुन्या सुती साडीच्या घट्ट गुंडाळीत घालते, ती उलगडायला त्याला वीस मिनिटे लागतात. चावायला शिजवलेली हाडे मात्र कधीच देत नाही, कारण ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. मुलाला सक्त ताकीद आहे की झोपलेल्या तांबूला हात लावायचा नाही. मोठ्या कुत्र्यालाही दिवसाकाठी बारा-चौदा तास झोप लागते आणि ती अपुरी पडली की तो चिडचिडा होतो. यात नवे काहीच शिकवले नाही, तरी तीन आठवड्यांत सातचे वेड थांबले आणि नदीकाठी हाक मारल्यावर तो पहिल्यांदा मागे वळला.

दूधवाल्या भाऊंचे प्रकरण सर्वांत अवघड होते. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसते ते जगातले साधे वाटते, आणि तांबूने तो काळ बागेतल्या पंपाच्या खोलीजवळ, दोन मजुरांखेरीज कोणालाही न पाहता काढला होता. कॅनचा खणखणाट, मोटारसायकल आणि हेल्मेटमधला माणूस हे तिन्ही एकदम अंगावर आले की तो बिथरायचा. आम्ही गल्लीच्या टोकाला, चाळीस पावलांवर उभे राहू लागलो. एवढ्या अंतरावर त्याचे कान उभे राहत, पण तो कलेजी खाऊ शकत होता. तोंड फिरवून खाणे नाकारले तर आम्ही फार जवळ आहोत असे समजून मी मागे सरकायची. मोटारसायकल दिसली की तुकडा, दिसेनाशी झाली की तुकडे बंद, बाकी काही नाही. भाऊंनी या खटाटोपाला रोजची तीन मिनिटे दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. अकराव्या दिवशी कॅन वाजला तेव्हा तांबूने तिकडे पाहिले, शेपटी खाली होती तशीच ठेवली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले, जणू ‘तो आला, माझे कुठे आहे?’ असे विचारावे. मार्च अखेरीस अंतर पाच पावलांवर आले आणि तिथेच थांबवले आहे. भाऊंनी त्याला कुरवाळावे अशी माझी अपेक्षा नाही आणि तांबूचीही नसावी.

छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा, साडेआठशेला घेतला. हिसके निम्म्यावर आले हे खरे, पण उन्हाळ्यात काखेत घासून केस गेले आणि कातडी लाल झाली. विक्रेत्याकडे तक्रार केली तर माप चुकल्याचे उत्तर आले, जरी माप त्यांच्याच तक्त्यावरून दिले होते. शिंप्याकडून आतून मऊ सुती कापड शिवून घेतले, तेव्हापासून त्रास नाही. उन्हाचा विषय आपल्या भागात वेगळाच काढावा लागतो. कुत्र्याला घाम जवळपास पंजांच्या तळव्यांनाच येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. एप्रिल-मे मध्ये पारा ४४ च्या पुढे असताना सकाळी आठनंतरची फेरी आम्ही सरळ बंद केली. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्यावर कुत्रा चालवत नाही. दुपारी दह्यात केळ्याचे काप घालून वाटी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवायची आणि ती चाटायला द्यायची, हा उपाय तांबूला फारच मानवला. घरात शेवभाजी झाली की मात्र रश्श्याचे पातेले लगेच उचलावे लागते, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे आणि बेदाणेही वर्ज्य.

दोन चुका पदरात पडल्या. पहिली वजनाची: खाऊचे तुकडे वेगळे आणि जेवण वेगळे असे चालल्यामुळे फेब्रुवारीत तांबू वीस किलोंवर गेला. आता सकाळी दिवसभराचे अन्न एका डब्यात मोजून काढते आणि खाऊ त्यातूनच घेते. कलेजी चण्याएवढी चिरलेली असते, तीही फक्त नदीवर आणि दूधवाल्यांच्या वेळी, घरात भाकरीचा तुकडा पुरतो. दुसरी चूक जूनमधली, आणि ती अजून मनाला लागून आहे. तांबू चार दिवस ‘बठ’ला बसेना, कलेजी हुंगून सोडून देई, आणि मी पद्धतीत काय चुकले ते शोधत बसले. पशुवैद्यकांनी रक्त तपासले तेव्हा गोचीड ताप निघाला. चार आठवडे औषध चालले. ज्या कुत्र्याने सहा महिने कलेजीला कधी नाही म्हटले नाही त्याने ती सोडली, त्या दिवशीच दवाखाना गाठायला हवा होता.

वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली तेव्हा आमची रोजची जागाच गेली. तांबूला गर्दीत न्यायचा मोह मी टाळला, कारण पाळण्यांचे भोंगे आणि हजारो पाय हे त्याच्या कुवतीबाहेरचे होते. पंधरा दिवस आम्ही सकाळची फेरी स्टेशनपलीकडच्या शेतरस्त्यावर हलवली.

हाक मारल्यावर परत येणे आज दहापैकी आठ वेळा जमते. उरलेल्या दोन वेळा समोर मुंगूस असते, म्हणून कासरा अजून सुटलेला नाही. फटाक्यांचा प्रश्न शिल्लक आहे. गेल्या दिवाळीत तो दोन रात्री मोरीत बसून होता, त्यामुळे यंदा जुलैपासूनच मोबाईलवर फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावून त्याबरोबर गोठवलेली वाटी देणे सुरू केले आहे. आवाज तिसऱ्या रेघेपर्यंत चालतो. परवा चौथ्या रेघेवर नेला तर त्याने वाटी सोडली आणि मोरीकडे पाहिले, म्हणून कालपासून पुन्हा दुसऱ्या रेघेवर आलो आहोत.