वीज मोजायचं प्लग-मीटर घेतलं आणि टीव्हीच्या कोपऱ्याला लावून बघितलं : रिव्ह्यू

भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचं, त्याच्या तोंडात आपल्या वस्तूचा प्लग लावायचा आणि छोट्या स्क्रीनवर दिसतं की ही वस्तू आत्ता किती वॅट खातेय, एवढंच हे मीटर. ऑनलाइन हजाराच्या आतबाहेर मिळतं, वेगवेगळ्या नावांनी पण दिसायला सगळी एका साच्यातली, म्हणून मी नाव देत बसत नाही. घेण्याचं कारण म्हणजे थंडीत एसी बंद, पंखे बंद, तरी बिल काही १०० युनिटच्या आत यायला तयार नाही आणि घरात प्रत्येकाचा संशयित वेगळा. आमच्या ह्यांचा फ्रिजवर, माझा गीझरवर, आणि सासरे म्हणजे अण्णा कायम मुलांच्या मोबाइल चार्जरच्या मागे.

आधी वस्तूबद्दल. प्लास्टिक ठीक आहे, काटकसरीतलं आहे. सॉकेट ते "सगळ्या देशांचे प्लग बसतात" टाइप, म्हणजे आपला गोल पिनचा प्लग बसतो पण डुगडुगतो. सेटटॉप बॉक्सच्या हलक्या अडॅप्टरला चालतं, पण इस्त्री किंवा गीझर असल्या ढिल्या सॉकेटवर मी तरी लावणार नाही, पिन गरम होते. स्क्रीनला लाइट नाही. आणि आपल्याकडे टीव्हीमागचा बोर्ड कुठे असतो ते सांगायला नकोच, सुताराने प्लायवूडचं पॅनल ठोकून त्याच्या मागे गाडलेला, त्यामुळे आकडा वाचायला मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीला गाल चिकटवावा लागतो. तेव्हा मीटरसोबत एक एक्स्टेंशन बोर्ड घ्याच, मीटर बाहेर काढून टेबलावर ठेवा आणि मग निवांत मोजा. अजून एक वैताग म्हणजे लाइट गेले की जमा झालेले युनिट पुसले जातात, आणि लाइट जाणं हे आपल्याकडे काही नवलाचं नाही. काही मॉडेलमध्ये आत बॅटरी असते, घेताना तेवढं बघून घ्या, माझ्यात नाही.

आता आकडे, ज्यासाठी हा खटाटोप.

पहिला टीव्ही. त्रेचाळीस इंची एलईडी, चालू असताना ६०-७० वॅट, चित्र किती भगभगीत आहे त्यावर कमीजास्त. रिमोटने बंद केला की मीटर कधी ० दाखवतं कधी ०.४. म्हणजे तो लाल दिवा, ज्याच्यावरून घरात इतकी वर्षं ओरडा चाललाय, तो जवळजवळ निर्दोष. नवीन टीव्ही ह्या बाबतीत सुधारलेत हे खरं आहे, युरोपात २०१३ पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे आणि तेच टीव्ही थोड्याफार फरकाने जगभर विकले जातात, त्याचा फायदा आपल्यालाही झाला. जुन्या डबा टीव्हीचं तसं नव्हतं, ते रिमोटने बंद करूनही कित्येक वॅट खात बसायचे, त्या काळी बटणावरून बंद करा म्हणणारे बरोबरच होते.

पण एक गोम आहे. स्मार्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये "क्विक स्टार्ट" किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, बटण दाबलं की टीव्ही लगेच उठावा म्हणून. तो चालू करून मोजलं तर बंद टीव्ही तेरा-चौदा वॅट! तो पर्याय बंद करून परत मोजलं तर अर्ध्या वॅटच्या खाली. ह्या एका टिकमार्कचा फरक. टीव्ही उठायला वीसेक सेकंद जास्त घेतो, घेऊ दे, कुठे गाडी पकडायचीय.

खरा चोर निघाला सेटटॉप बॉक्स. आमचा डीटीएचचा एचडी बॉक्स, चालू असताना ११ वॅट. रिमोटचं बटण दाबून "बंद" केला, पुढचा दिवा हिरव्याचा लाल झाला, मीटरवर १० वॅट. मला वाटलं मीटर अडकलं, काढून परत लावलं, तेच. पहाटे दूध घ्यायला उठले तेव्हा मुद्दाम बॉक्सच्या वर हात ठेवून बघितला तर चांगला कोमट, रात्रभर कुणी हात लावलेला नसताना. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "अगं लाल दिवा लागला म्हणजे बंदच की!" म्हटलं अण्णा, तो नुसता दिवा लाल झालाय, आत सगळं जागंच आहे.

आणि तसंच आहे ते. बटण दाबलं की बॉक्स टीव्हीला चित्र पाठवणं थांबवतो, बास. ट्यूनर चालू, प्रोसेसर चालू, आणि गच्चीवरच्या छत्रीला जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, असतो त्यालाही वीज ह्याच बॉक्समधून त्याच काळ्या वायरीतून जाते. रात्री-अपरात्री सॉफ्टवेअर येणार, चॅनलची यादी बदलणार, पॅक संपला की भरला त्याचा सिग्नल येणार, ते कधीही घेता यावं म्हणून त्याला झोपूच दिलेलं नाही. कंपनीचं काम सोपं, बिल आपलं. हे काही आपल्याकडेच आहे असं नाही, अमेरिकेत २०११ मध्ये एनआरडीसी ह्या पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेने तिकडचे बॉक्स तपासले तेव्हा त्यांच्या विजेतली साधारण दोन तृतीयांश वीज कुणी बघत नसतानाच जाते असं निघालं होतं. आमच्याकडे टीव्ही दिवसाला पाचेक तास लागतो, त्या हिशेबाने बॉक्सची पाऊण वीज रिकाम्या खोलीला कार्यक्रम दाखवण्यात जाते.

केबलवाल्यांनी पण खूश होऊ नये, तुमच्याकडेही बॉक्स आहेच. मुंबईत २०१२ च्या शेवटी आणि पुणे, नाशिक, नागपूरकडे २०१३ मध्ये केबल डिजिटल झाली, त्याच्या आधी केबलची वायर थेट टीव्हीच्या मागे खुपसायची, मध्ये काही नसायचंच. तेव्हापासून घरोघरी ही एक पेटी चोवीस तास प्लगमध्ये आहे. तिचं मोजून बघा, साधा बॉक्स असेल तर आकडा आमच्याहून कमी निघेल पण चालू-बंदमधला फरक बघा, गंमत तिथेच आहे.

दुसरा सापडलेला प्राणी म्हणजे स्टॅबिलायझर. दुकानदाराने टीव्हीबरोबर गळ्यात मारला होता. टीव्ही बंद, बॉक्सची पिन काढलेली, नुसता स्टॅबिलायझर, तरी ५ वॅट. आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला पुढे काही जोडलेलं असो नसो, वीज मिळाली की तो आपला थोडी खातच राहतो, कान लावला तर गुणगुण पण ऐकू येते. आणि वाईट ह्याचं वाटतं की आत्ताच्या बहुतेक एलईडी टीव्हींना तो लागतही नाही, टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर टीव्ही स्वतःच सांभाळून घेतो. तुमच्याकडे व्होल्टेज फारच नाचत असेल, गावाकडे शेतीपंप सुरू झाले की जसं होतं, तर ठेवा, नाहीतर मी तरी काढून टाकला. साउंडबार आणि त्याचा वूफर मिळून ३ वॅट, तो पण "ऑफ" असताना. टीव्हीच्या यूएसबीत लावलेल्या स्टिकचं वेगळं मोजता आलं नाही कारण ती टीव्हीबरोबरच मरते.

तर बेरीज, १० अधिक ५ अधिक ३ आणि टीव्हीचे किरकोळ, म्हणजे सगळं "बंद" असताना साधारण १८ वॅट. दिवसाचे १९ तास असे धरले तर वर्षाला सव्वाशे युनिटच्या आसपास. आता हे कोणत्या दराने मोजायचं ह्यात लोक गडबड करतात. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत, आणि जो युनिट वाचतो तो खालच्या स्वस्त स्लॅबमधला नसतो, वरचा महागडा वाचतो. वीज आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क धरून माझ्या बिलावर तो युनिट १२-१३ रुपयांना पडतो. बाराने धरलं तरी वर्षाचे दीड हजार रुपये, महिन्याला सव्वाशे. (१०० च्या वर एक युनिट गेला की सगळं बिल महाग होतं असं आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांना वाटतं, तसं नाहीये, वर गेलेले युनिटच महाग दराने लागतात.)

हे जास्त आहे का कमी ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मोजमाप डोक्यात असू दे. दीड टनाचा एसी तासाभरात जेवढी वीज घेतो तेवढ्यात आमचा हा टीव्हीचा कोपरा तीनचार दिवस काढतो, तेव्हा ज्यांच्याकडे उन्हाळाभर एसी चालतो त्यांचं बिल ह्याने अर्धं होणार नाही, व्हॉट्सॲपवर काही का येईना. पण एसीची हवा निदान अंगाला लागते. आणि अण्णांच्या चार्जरचं म्हणाल तर मोबाइल न लावता नुसता खोचलेला चार्जर मीटरला दिसला पण नाही.

इथे मीटरची खरी कमजोरी पण सांगते, दोन वॅटच्या खालचं त्याला धड कळत नाही. त्यावर उपाय आहे, एक्स्टेंशनला ९ वॅटचा एलईडी बल्ब लावून ठेवायचा, आधी एकट्या बल्बचा आकडा लिहून घ्यायचा, मग शेजारी टीव्ही लावायचा आणि वाढला किती ते बघायचं. तसं केल्यावर छोटे आकडे पटण्यासारखे येतात. बाकी स्वस्तातलं आहे, प्रयोगशाळेची अपेक्षा ठेवू नका.

आमचा इलेक्ट्रिशियन मात्र पहिल्यांदा हसला, त्याने त्याचा चिमट्याचा मीटर वायरीला लावला, ०.०९ अँपिअर, गुणिले २३०, "ताई, वीस वॅट आहे हा बॉक्स, तुमचं मीटर निम्मंच दाखवतंय." तसं नसतं. असल्या अडॅप्टरांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती तो हिस्सा, अर्ध्याच्या आसपास असतो, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की आकडा फुगतो, पण घरगुती बिल खऱ्या वॅटवर म्हणजे युनिटवर लागतं. माझं मीटर वॅट, अँपिअर, पॉवर फॅक्टर तिन्ही वेगळं दाखवतं आणि ह्या एका कारणासाठी ते चिमट्यापेक्षा उपयोगाचं आहे. पटलं त्याला शेवटी, चहा घेऊन गेला.

ज्यांना हजार रुपये घालायचे नाहीत त्यांच्यासाठी फुकटची युक्ती आहे. जिन्याखाली आपलं जे महावितरणचं मीटर असतं त्याच्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, आमच्यावर ३२०० आहे. घरातलं फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, पाण्याचा फिल्टर सगळं बंद करायचं, फक्त टीव्हीचा कोपरा नेहमीसारखा "बंद" ठेवायचा आणि खाली जाऊन दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोबाइलवर मोजायचं. ३२०० वाल्या मीटरला ११२५ भागिले सेकंद केलं की वॅट. आमच्याकडे मिनिटाला एक लुकलुक, म्हणजे तेच १८-१९ वॅट. वॉचमन काका बघत होते हे काय चाललंय म्हणून, पण आकडा जुळला.

आता ह्यावर स्मार्ट प्लग घ्या असं सगळे सुचवतात. मला नाही पटलं. तो स्वतः वॅटभर खातो, त्याला वायफाय लागतं, आणि बॉक्स बंद करायला मोबाइल शोधायचा, ॲप उघडायचं, ते लॉगिन मागणार. अण्णांना ते जमणार नाही आणि मलाही रोज जमणार नाही. आपल्या देशात प्रत्येक सॉकेटला शेजारी बटण असतं, तिकडे अमेरिकेत ते पण नसतं, फक्त आपण ते बटण प्लायवूडच्या मागे गाडतो. मी चांगल्या कंपनीचा बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड घेतला, पॅनलच्या कडेने बाहेर आणला, टीव्ही, बॉक्स, साउंडबार तिन्ही त्याच्यावर, रात्री झोपताना एक टिच. सकाळी बॉक्स उठायला दोनेक मिनिटं लावतो, अण्णा तेवढ्यात पेपर चाळतात, सुरुवातीला कुरकुर झाली. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की पिन पण उपसता येते आणि छत्रीची वायर पण, हा वेगळाच फायदा.

पण आंधळेपणाने करू नका. बॉक्सवर रेकॉर्डिंग लावून ठेवत असाल तर बंद बॉक्स काही रेकॉर्ड करणार नाही. आणि टीव्ही ओएलईडी असेल तर त्याची पॅनलची आतली साफसफाई रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये चालते, त्याला लगेच बटणावरून मारू नका, नुसता बॉक्स बंद करा. तसंही टीव्हीचं स्टँडबाय अर्धा वॅट, त्याच्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

मीटरला पाचपैकी साडेतीन देईन, दीड कापला तो ढिल्या सॉकेटसाठी आणि लाइट गेल्यावर पुसल्या जाणाऱ्या आकड्यासाठी. एका घराला हे फार तर आठवडाभर लागतं, नंतर ड्रॉवरमध्ये पडून राहतं, त्यामुळे बिल्डिंगमध्ये चार घरांनी मिळून एक घ्या. आमचं सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलंय, त्यांच्याकडे दोन टीव्ही, दोन बॉक्स आणि दोन्हीला स्टॅबिलायझर.