उकाड्यात ऑफिसला घालायचे कपडे: लिनन, कॉटन आणि चक्क लोकर, बरेच महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. उकाड्याचे कपडे म्हटलं की सगळे शर्टाच्या मागे लागतात, पण मला खरा फरक पडला तो पँटीने. शर्ट बदलून थोडं बरं वाटलं, पण पँट बदलल्यावर दुपारी खुर्चीतून उठताना मांडीला चिकटलेलं कापड हळूच ओढून सोडवायचा प्रकारच बंद झाला. दिवसभर बसून काम करणाऱ्याला हे काय सुख आहे ते सांगायला नको.

तरी सुरुवात शर्टापासूनच करतो कारण प्रश्न त्यावरच जास्त येतात. लेबलवर १०० टक्के कॉटन लिहिलंय म्हणून शर्ट गार असेलच असं काही नाही, कारण लेबल फक्त धागा सांगतं, विण सांगत नाही. ऑक्सफर्डचं कापड जाड, ट्विलची विण घट्ट, दोन्ही कॉटनच पण घालून बाहेर दहा मिनिटं चाललात की पाठ ओली. त्यापेक्षा साध्या विणीचं पॉपलिन किंवा त्याहून विरळ काहीतरी बघा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, ते १०० ते १२० च्या आसपास असलं की उकाड्यात बरं पडतं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण पातळ पण घट्ट विणलेलं कापडसुद्धा हवा अडवतं. मी सरळ कापड तोंडाला लावून फुंकर मारतो, पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तर ठीक, नाही लागली तर शर्ट परत हँगरला. ट्रायल रूममध्ये करा म्हणजे लोक बघणार नाहीत.

नॉन-आयर्न शर्ट मी घालणं सोडलं. कापड चुरगळू नये म्हणून त्याला रेझिनचं फिनिश दिलेलं असतं, धाग्यांमधले रेणू एकमेकांना बांधून टाकतात, त्यामुळे इस्त्री वाचते हे खरं पण कापड ताठ होतं आणि घाम कमी शोषतं. दिवसभर एसीत असाल तर चालून जाईल, पण प्रवास उन्हातला असेल तर कागद अंगाला गुंडाळल्यासारखं वाटतं.

लिनन. याबद्दल लोक एकतर वेड्यासारखं कौतुक करतात नाहीतर शिव्या देतात, मला दोन्ही पटतं. शोषण्याचं म्हणाल तर नेहमीच्या हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतं, लिनन १२ च्या आसपास, लोकर १६ पर्यंत आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. शिवाय लिननचा धागा जाडाभरडा आणि विण मोकळी, त्यामुळे घाम आला तरी लवकर वाळतो, आणि गारवा मिळतो तो घाम वाळण्यातच, नुसता पुसून किंवा कापडात मुरून काही होत नाही. चुरगळतं मात्र असं की विचारू नका, कोपराच्या आतल्या बाजूला आणि पोटावर सकाळी अकरालाच घड्या पडलेल्या असतात. अळशीच्या झाडाचा तो धागा ताणाला फार थोडा लांबतो, वाकला की तसाच राहतो, तो त्याचा स्वभावच आहे, इस्त्री कितीही कडक करा. क्लायंट मीटिंगच्या दिवशी म्हणून मी लिनन-कॉटन मिक्स घालतो, गारवा थोडा कमी पण दिसायला निम्म्याने बरं. लिननची एक जमेची बाजू म्हणजे ओलं झाल्यावर ते आणखी मजबूत होतं, त्यामुळे वरचेवर धुतलं तरी टिकतं, उलट दरवेळी आणखी मऊ होत जातं. व्हिस्कोजचं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचं, बरोबर उलटं, अंगाला छान गार लागतं पण ओलं असताना कमजोर, पिळून पिळून वाट लागते.

सीअरसकर एकच घेतला आणि आवडला. उभे धागे काही सैल काही ताठ ठेवून विणतात म्हणून कापडाला बारीक सुरकुत्या पडतात, त्यामुळे ते अंगाला पूर्ण टेकतच नाही आणि इस्त्रीही नको. पण ते पट्टे सगळ्याच ऑफिसात चालतील असं नाही.

रंगाचं मात्र नीट ऐका. फिक्का राखाडी शर्ट म्हणजे काखेतल्या घामाची जाहिरात, आणि मधला आकाशीपण तसाच. पांढरा आणि गडद नेव्ही यांच्यावर ओलं सहसा दिसत नाही, बारीक चौकडी किंवा पट्टे असतील तर अजून लपतं. पांढऱ्याखाली पांढरा बनियन घालू नका, बनियनची कड बाहेरून स्पष्ट दिसते, त्वचेच्या रंगाच्या जवळचा घ्या, गायब होतो. बनियन घातल्याने जास्त गरम होतं असं वाटतं ना, पण पातळ असेल तर तो घाम आधी टिपून घेतो आणि वरचा शर्ट कोरडा राहतो. फक्त पॉलिएस्टरचा नको, वास धरतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले होते, त्यात पॉलिएस्टरचे कॉटनपेक्षा जास्त घाण वास मारत होते, वासाचे काही जंतू पॉलिएस्टरवर चांगले फोफावतात.

आता पँट. आधी सगळ्यांसारख्या मीपण कॉटनच्या चिनोजच वापरायचो. त्यांचं कापड ट्विलचं, बऱ्याच वेळा २५० ते ३०० जीएसएम, म्हणजे शर्टाच्या दुपटीहून जास्त जाड, आणि एकदा घाम मुरला की संध्याकाळपर्यंत ओलसरच. मग एका मित्राने ट्रॉपिकल वूलची पँट शिवून घे म्हणून भुणभुण लावली आणि मी त्याला वेड्यात काढलं, उन्हाळ्यात लोकर? पण कापड हातात घेऊन उजेडासमोर धरलं आणि आरपार बारीक बारीक ठिपके दिसले, चाळणीच म्हणा ना. साधी विण, पीळ भरपूर दिलेलं सूत, त्यामुळे धागा गोल आणि ताठ राहतो, त्याला केस फुटत नाहीत, दोन धाग्यांच्या मधून हवा आरपार जाते आणि कापड पायाला चिकटत नाही. असल्या कापडांतलं प्रसिद्ध नाव फ्रेस्को, इंग्लंडच्या मार्टिन सन्सने १९०७ मध्ये काढलेलं, आता बरेच जण हाय-ट्विस्ट म्हणून विकतात. वजन बघताना एक गोम आहे, लोकरीचं वजन बऱ्याचदा चालू मीटरवर सांगतात आणि पन्हा दीड मीटरचा असतो, म्हणजे २७० ग्रॅम लिहिलं असेल तर जीएसएम निघतं फक्त १८०. तुमच्या कॉटनच्या चिनोजपेक्षा हलकं!

वापरून काय वाटलं तर पहिला आठवडा मांड्यांना जरा टोचलं, खोटं कशाला बोलू, नंतर सवय झाली किंवा कापड नरमलं असेल. रात्री हँगरला लटकवली की गुडघ्यामागच्या घड्या सकाळपर्यंत बऱ्याच उतरलेल्या असतात. रोज धुवायची गरजच नाही, वारा लागला की वास जातो. तोटा म्हणजे मांड्या एकमेकींना घासतात त्या जागी कापड पातळ होतंय, सायकलवाल्यांनी विचार करावा. आणि रेडिमेड घेताना आतून हात घालून बघा, काहींना पुढच्या बाजूला गुडघ्यापर्यंत पॉलिएस्टरचं अस्तर असतं, मग सगळी मजा गेली. शिवून घेत असाल तर टेलरला सांगा अस्तर नको, फार टोचत असेल तर क्युप्रोचं लाव, ते कापसाच्या उरलेल्या तंतूंपासून केलेलं गुळगुळीत कापड. मांडीला जरा सैल ठेवायला लावा, हल्लीच्या चिकटून बसणाऱ्या मापात कुठलंही कापड गरमच होणार, कारण चालताना आतली हवा हलायला जागाच नसते.

जॅकेट शक्यतो नकोच. आम्हाला महिन्यातून एखाद वेळ लागतं म्हणून पाठीला अस्तर नसलेलं एक शिवलंय, बाह्यांना मात्र अस्तर ठेवलं, नाहीतर घालताना शर्टाची बाही वर चढत बसते. जपानमध्ये सरकारनेच २००५ मध्ये कूल बिझ मोहीम काढली होती, उन्हाळ्यात टाय नको जॅकेट नको आणि एसी २८ डिग्रीवर. आमच्याकडे उलटं, एसी इतका गार की जॅकेट खुर्चीला टांगून ठेवतो आणि मीटिंग रूममध्ये घालतो, बाहेर पडलं की काढतो.

बूट-मोज्यांचं थोडक्यात, एकच जोडी सलग दोन दिवस घालू नका, आत ओल राहते, बस.

धुण्याचं राहिलं. फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, धाग्यावर थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं, पैसे कशाला घातले मग. काखेतले पिवळे डाग घाम आणि अँटिपर्स्पिरंटमधलं (घाम रोखायला काखेत लावतात ते) ॲल्युमिनियम मिळून होतात, त्यावर क्लोरीनचं ब्लीच घातलं तर आणखी पिवळे होतात. ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवून ठेवलं की माझे तरी बरेचसे गेले, जुने मुरलेले नाही गेले, ते शर्ट आता जॅकेटच्या आत घालतो.