कुपवाड की सांगलीवाडी?

नोकरी कुपवाड एमआयडीसीत, पगार बेताचा, घरात दोन पोरं. भाड्याच्या घरासाठी आमच्यापुढे दोनच जागा उरल्या होत्या.

सांगलीवाडीचं घर बघताक्षणी आवडलं. पुढं अंगण, मागं ऊस. आयर्विन पूल ओलांडला की सांगलीची बाजारपेठ. भाडंही कमी. पण हॉलमध्ये कॅलेंडर जरा जास्तच उंच टांगलेलं दिसलं. बायकोनं सहज उचलून बघितलं, तर मागं मातकट रेघ. मालकीणबाई म्हणाल्या, "एकोणीसची हाय ओ, दरसाल कुठं येतंय पाणी!" ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्याआधी २००५, नंतर २०२१. शिवाय रोज अख्खी सांगली पार करून कामावर जायचं.

कुपवाडला अंगण नाही. कारखान्यांची धूळ आहे, खिडकीत वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी पुन्हा झटकावा लागतो. पण नदी लांब, कामावर सायकलनं जाता येतं आणि गावी जायला मिरज जंक्शन जवळ.

आम्ही कुपवाड घेतलं. पोरांना ऊस आणायला मात्र रविवारी सांगलीवाडीलाच जातो.